बोर्लीची नन आणि प्लँचेटची साक्ष

शनिवारवाड्यात एखाद्या माध्यमाला, म्हणजे मृतांच्या आत्म्यांशी संपर्क होतो असे म्हणणाऱ्या व्यक्तीला, नेले, तर त्याला काय जाणवेल हे वाड्यासमोर उभा असलेला कोणताही पुणेकर आधीच सांगू शकेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी केलेला नारायणराव पेशव्यांचा खून आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यामुळे तिथे कोणी शहारला, रडला किंवा कोणाच्या अंगात आले, तरी त्यातून काहीच ठरत नाही. ऐतिहासिक वास्तूत आत्मा जाणवल्याचा दावा ऐकला की मी एवढेच विचारतो : माध्यमाला आधी कळण्याची शक्यता नव्हती आणि नंतर कागदोपत्री पडताळता आले, असे त्याने काय सांगितले?

या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहण्यासाठी इंग्लंडमधील बोर्ली रेक्टरीइतके सोयीचे प्रकरण मला दुसरे माहीत नाही. एसेक्स परगण्यातील बोर्ली या लहानशा गावी १८६२च्या सुमारास रेव्हरंड हेन्री बुल यांनी चर्चच्या धर्मगुरूसाठी हे मोठे विटांचे घर बांधले. त्या जागी पूर्वी मठ होता, तिथल्या एका साधूचे एका ननशी प्रेम जुळले आणि शिक्षा म्हणून ननला जिवंतपणी भिंतीत चिणले, अशी दंतकथा गावात प्रचलित होती. अशा मठाचा ऐतिहासिक पुरावा मात्र कधीच मिळाला नाही. १९०० सालच्या जुलैमध्ये बुल यांच्या मुलींनी संध्याकाळच्या वेळी बागेत ननची आकृती पाहिल्याचे सांगितले. १९२९ मध्ये ‘डेली मिरर’ने बातम्या छापल्या, हॅरी प्राइस हा प्रसिद्ध भूतसंशोधक तिथे पोहोचला आणि १९३७ मध्ये त्याने ते रिकामे घर वर्षभरासाठी भाड्याने घेऊन वृत्तपत्रातील जाहिरातीद्वारे स्वयंसेवक निरीक्षक गोळा केले.

त्यांपैकी सिडनी ग्लॅनव्हिल हा सर्वांत चिकाटीचा निरीक्षक. त्याची मुलगी हेलन हिने प्लँचेट केले, म्हणजे हाताखाली सरकणाऱ्या पाटीतून आत्म्याचे संदेश कागदावर उतरवले, आणि तेही बोर्लीत नव्हे, तर लंडनच्या स्ट्रेटहॅम भागातील स्वतःच्या घरी. त्यातून मारी लेअर नावाची फ्रेंच नन ‘बोलली’. आपण वॉल्डग्रेव्ह घराण्यातील पुरुषाशी विवाह करण्यासाठी मठ सोडला, १६६७ मध्ये आपला खून झाला, आता आपल्यासाठी प्रार्थना करावी, असे तिचे म्हणणे होते. नाव, साल आणि घराणे, सगळेच नेमके असल्याने हे ऐकणारा सहज भारावून जातो. परंतु वॉल्डग्रेव्ह घराण्याचे भव्य थडगे रेक्टरीसमोरच्या चर्चमध्येच आहे, ननची कथा तोवर वर्तमानपत्रांतून गाजलेली होती, आणि दिवा, मास (चर्चमधील उपासनाविधी) व प्रार्थना यांची याचना त्या घराच्या भिंतींवर उमटलेल्या गूढ अक्षरांत आधीच वाचली गेली होती. नवीन उरले ते ननचे नाव आणि खुनाचे साल. नेमका त्यांनाच कोणत्याही जुन्या दप्तराचा आधार मिळाला नाही. हेलनने फसवणूक केली असे मला मुळीच म्हणायचे नाही. मनात साठलेले हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालींतून कागदावर उतरते, हे प्लँचेटबाबत पुरेसे तपासले गेले आहे.

मार्च १९३८च्या बैठकीत आणखी एका ‘आत्म्याने’ त्याच रात्री रेक्टरी जळेल असे बजावले. त्या रात्री काहीच झाले नाही. अकरा महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, नवे मालक खोके उघडत असताना तेलाचा दिवा कलंडून घर पेटले, आणि भाकीत खरे ठरल्याचा गवगवा झाला. विमा कंपनीने चौकशीअंती ती आग लबाडीची ठरवली होती, हा भाग भुताच्या गोष्टींतून बहुधा गळतो. (शनिवारवाड्याची मोठी आगही २७ फेब्रुवारीचीच, १८२८ सालची, तारखांच्या योगायोगावर विसंबायचे तर या जुळणीचेही भूत उभे करता येईल.)

१९४३ मध्ये प्राइसने तळघर खणले, तेव्हा जबड्याचे हाड आणि कवटीचा तुकडा मिळाला. ती हाडे तरुण स्त्रीची असल्याचे सांगण्यात आले. ती डुकराची असावीत, असे गावातील काहींचे मत होते. अखेर १९४५ मध्ये शेजारच्या लिस्टन गावातील चर्चच्या आवारात त्यांचे ख्रिस्ती पद्धतीने दफन झाले. हाडे कोणाचीही असोत, ती मारी लेअरची आहेत हे सांगणारा एकमेव साक्षीदार प्लँचेट हाच होता, आणि तिथे खणायचे ठरले तेही अशाच संदेशांवर विसंबून. १९५६ मध्ये डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तीन संशोधकांनी सगळे प्रकरण पुन्हा तपासून प्राइसच्याच पद्धतीवर गंभीर संशय घेतला. रेक्टरी १९४४ मध्येच पाडून झाली होती. पुढे भूतशोधकांनी आपला मुक्काम समोरच्या चर्चकडे हलवला, आणि तिथेही त्यांना ननच जाणवू लागली.