बिलिंग्जमार्गे यलोस्टोन

पोर्टलंडहून यलोस्टोनला जायचं तर लोक बॉइसीवरून जातात. रस्ता सोपा, गूगलही तोच दाखवतो. आम्ही मात्र उत्तरेला स्पोकेन गाठून, तिथून नव्वद नंबरच्या हायवेने मोंटाना आडवा कापत बिलिंग्जला निघालोय, हे ऐकून बीव्हर्टनच्या दादाने चहाचा कप खाली ठेवला. दादा म्हणजे मावसभाऊ. इंटेलमध्ये आहे, त्या बाजूचे बरेच मराठी लोक असतात तसा.

"अगं, बिलिंग्जमध्ये आहे काय बघण्यासारखं? तेलाच्या रिफायनऱ्या आणि विमानतळ."

वर्णन तसं बरोबरच होतं. पण मी अलिबागची. इस्रायल आळीतल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांत जा-ये करत वाढलेली. हनुका, म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण म्हटलं की मला अजून भिंतीवरची लाकडी पाटी, तिला लावलेली पितळी कडी आणि त्या कड्यांतले तेलाचे काचेचे पेले आठवतात. एका अमेरिकन गावात हजारो ख्रिस्ती घरांनी खिडकीत हनुकाचा दिवा लावला होता, तोही धाकाला न जुमानता, हे कधीतरी वाचलं होतं. तेव्हापासून ते गाव डोक्यात होतं. यलोस्टोनच्या निमित्ताने जमवलं. नवऱ्याला रस्ता लांब असला की आनंदच होतो, त्यामुळे घरातून विरोध नव्हता.

या गोष्टीची सुरुवात बिलिंग्जला नव्हे, पोर्टलंडला होते. म्हणून निघायच्या आधी दादालाच गाडी काढायला लावली आणि साउथईस्ट ३१ आणि पाइन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गेलो. इतकी वर्षं पोर्टलंडात राहून तो इथे कधी आला नव्हता. यायचं कारणही नव्हतं. साधी वस्ती आहे. लाकडी घरं, पायऱ्यांवर कुंड्या, कुणाच्या तरी कुंपणावरून बाहेर आलेला गुलाब. रस्त्याच्या नावाच्या पाटीवर आणखी एक छोटी पाटी बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत आणि अम्हारिक अक्षरांत एक नाव आहे, मुलुगेटा सेराव. घटनेला ३० वर्षं झाली तेव्हा, २०१८ मध्ये, या पाट्या लावल्या.

सेराव इथिओपियाहून शिकायला आला होता. वय २८, गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीत नोकरी, मायदेशी एक लहान मुलगा. १३ नोव्हेंबर १९८८ ला मध्यरात्रीनंतर मित्रांनी त्याला घराशी सोडलं. त्याच रस्त्यावर 'ईस्ट साइड व्हाइट प्राइड' या वंशद्वेषी टोळीतल्या स्किनहेड, म्हणजे टक्कल केलेल्या पोरांची गाडी होती. बाचाबाची झाली आणि एकाने बेसबॉलची बॅट काढली. सेराव वाचला नाही.

पोरं तुरुंगात गेली. प्रकरण तिथेच संपलं असतं, पण त्यांना फूस लावणारा माणूस दूर कॅलिफोर्नियात बसला होता. टॉम मेट्झगर हा टीव्ही दुरुस्त करणारा गृहस्थ 'व्हाइट आर्यन रेझिस्टन्स' नावाची गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना चालवायचा. त्याने आपला माणूस पोर्टलंडला पाठवून ही पोरं तयार केली, असा दावा सेरावच्या कुटुंबाच्या वतीने वकील मॉरिस डीस यांनी दिवाणी कोर्टात लावला. ऑक्टोबर १९९० मध्ये ज्यूरीने सव्वा कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. मेट्झगरचं राहतं घर त्यात गेलं. शहरात तोवर लोकही सावध झाले होते. 'कोअलिशन फॉर ह्यूमन डिग्निटी' ही संघटना या टोळ्यांची माहिती गोळा करून जाहीर करायची. आणि वंशद्वेषाच्या विरोधातले स्किनहेडही होते, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मुळात ही ब्रिटनमधल्या कामगारवस्तीतल्या, जमैकन संगीतावर नाचणाऱ्या पोरांची तऱ्हा. नव-नाझींनी ती नंतर बळकावली. पोर्टलंडमध्ये टक्कल केलेली पोरं टक्कल केलेल्या पोरांना रस्त्यावर भिडली. ते सगळं काही अहिंसक नव्हतं, आणि मी तसं भासवणारही नाही.

परत येताना दादा गप्प होता. मग म्हणाला, "हा भाग आपण फार मोकळाढाकळा समजतो." ओरेगॉनच्या पहिल्या राज्यघटनेत काळ्या माणसांना राज्यात यायला बंदी होती आणि ते कलम १९२६ पर्यंत कागदावर होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या घराच्या वास्तुशांतीला वहिनीने कुंकवाचं स्वस्तिक काढलंय, ते दाराच्या आतल्या बाजूला. बाहेरून दिसू नये म्हणून. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघालो. कोलंबिया नदीची दरी देखणी आहे, तिच्याबद्दल इतक्या जणांनी लिहून ठेवलंय की मी सोडून देते. स्पोकेन ओलांडलं की आयडाहोचं टोक लागतं आणि कोर द'अलेन नावाचं तळ्याकाठचं सुंदर गाव येतं. जवळच हेडन लेकला रिचर्ड बटलरच्या 'आर्यन नेशन्स' या नव-नाझी संघटनेचा तळ होता, वीस एकरांचा. १९८१ पासून त्या भागातले लोक मानवी हक्कांची समिती करून त्याच्याशी झुंजत होते. समितीतल्या बिल वासमुथ या कॅथलिक धर्मगुरूच्या घरावर १९८६ मध्ये बॉम्ब टाकला गेला. तो बचावला आणि कामही सोडलं नाही. मला त्यांची १९९८ ची युक्ती फार आवडते. आर्यन नेशन्सने गावातून मोर्चा काढायचं ठरवलं, तर लोकांनी मिनिटामागे देणग्या जाहीर केल्या. मोर्चा जितकी मिनिटं चालेल तितके जास्त पैसे मानवी हक्कांच्या कामाला. त्याच वर्षी तळावरच्या पहारेकऱ्यांनी रस्त्याने जाणाऱ्या एका आई-मुलाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. २००० मध्ये त्या खटल्यात ६३ लाख डॉलरचा निकाल लागला, वकील पुन्हा डीसच. बटलरचं दिवाळं निघालं, जमीन गेली, इमारती पाडल्या गेल्या. आम्ही तळ्याकाठी सँडविच खाऊन पुढे निघालो.

मोंटाना संपता संपत नाही. मिझूला, ब्यूट, बोझमन, मग यलोस्टोन नदी रस्त्याच्या सोबतीला येते आणि संध्याकाळी बिलिंग्ज. गावाच्या उत्तरेला वालुकाश्माचा उभा कडा आहे, त्याला रिमरॉक्स म्हणतात. विमानतळ त्या कड्याच्या माथ्यावर. खाली रेल्वे, रिफायनऱ्यांची धुराडी आणि चौकटीत आखलेले रस्ते. राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, पण १९९३ मध्ये वस्ती जेमतेम ऐंशी हजारांच्या घरात होती. शेजारीच क्रो आदिवासींचं राखीव क्षेत्र आहे. शहरात काळी माणसं थोडी, ज्यू कुटुंबं मूठभर.

त्या वर्षी गावात कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या जुन्या संघटनेची पत्रकं सापडू लागली. ज्यूंच्या दफनभूमीतले दगड उलथवले गेले. वेमन चॅपल या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये रविवारी स्किनहेड पोरं येऊन मागे नुसती उभी राहायची. कायद्याने यात गुन्हा काही नाही. मग दुसऱ्या चर्चमधली गोरी माणसं आपली प्रार्थना सोडून इथे येऊन बाकांवर बसू लागली. तीन-चार रविवारांत पोरांना तिथे उभं राहण्यात राम वाटेनासा झाला.

मग एका आदिवासी बाईच्या घरावर रात्रीतून स्वस्तिकं आणि मरणाच्या धमक्या फवारल्या गेल्या. रंगकाम करणाऱ्यांच्या युनियनच्या 'लोकल १९२२' या शाखेचे तीसेक रंगारी शिड्या आणि डबे घेऊन पोचले आणि घर रंगवून मोकळे झाले. शंभरेक माणसं बघायला जमली होती.

मला बिलिंग्जची ही बाजू महत्त्वाची वाटते. पुढचं सगळं जगाला माहीत झालं, त्यावर १९९५ मध्ये माहितीपट निघाला, त्याच्या नावाने देशभर चळवळ उभी राहिली. 'नॉट इन अवर टाउन', आमच्या गावात नाही. ते वाचताना एखाद्या रात्री गाव अचानक जागं झालं असं वाटतं. तसं नव्हतं. ज्याला जे काम येत होतं ते त्याने केलं, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत लोकांना त्याची सवय झालेली होती.

२ डिसेंबर १९९३ ला संध्याकाळी एका ज्यू घराच्या खिडकीतून सिमेंटचा तुकडा आत आला. खिडकीत मेनोरा, म्हणजे हनुकाचा दिवा होता आणि खोली पाच वर्षांच्या मुलाची. मूल त्या वेळी खोलीत नव्हतं. तपासाला आलेल्या पोलिसाने आईला सल्ला दिला, काचा बुलेटप्रूफ करा, दिवा काढून ठेवा. ती मानवी हक्कांचं काम करणारी बाई. तिने वर्तमानपत्राला विचारलं, हे मी मुलाला कसं समजावू? 'बिलिंग्ज गॅझेट'मधली ती बातमी मार्गारेट मॅकडोनल्ड या चर्चसंघाच्या कार्यकर्तीने वाचली. जर्मन सत्तेखाली डेन्मार्कच्या राजाने ज्यूंसाठी स्वतःच पिवळा तारा लावला, ही गोष्ट तिला आठवली. ती गोष्ट खरी नाही, डेन्मार्कमध्ये तो तारा सक्तीचा कधी झालाच नाही. पण डॅनिश लोकांनी १९४३ मध्ये हजारो ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं, ते खरं. बिलिंग्जपुरतं ऐकीव कथेनेही काम भागलं. मॅकडोनल्डने आपल्या चर्चचे पाद्री कीथ टॉर्नी यांना फोन केला. मेनोराच्या चित्राच्या झेरॉक्स निघाल्या, रविवारच्या शाळेतल्या मुलांनी ती रंगवली, दुसऱ्या चर्चनीही उचलली.

११ डिसेंबरला गॅझेटने पूर्ण पानभर मेनोरा छापला आणि नाताळपर्यंत हा दारात किंवा खिडकीत लावा असं आवाहन केलं. हनुका ८ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाला होता, म्हणजे ऐन सणात. सहा ते दहा हजार घरांनी तो लावला असा अंदाज सांगतात.

त्याआधी लोकांनी पोलिसांना फोन करून विचारलं होतं, लावला तर धोका आहे का? आणि इथे पोर्टलंड परत येतं. बिलिंग्जचे पोलीसप्रमुख वेन इनमन पोर्टलंडच्या पोलीस दलातून आलेले होते. तिथे लक्षणं दिसत असताना शहराने मनावर घेतलं नाही आणि सेरावचा जीव गेल्यावर हालचाल झाली, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. गाव गप्प बसलं की या टोळ्या त्याला होकार समजतात, असं ते जिथे तिथे सांगत. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं, धोका आहे. पण न लावण्यात जास्त आहे.

धोका खराच होता. कागद लावल्यावर त्रास आधी वाढला. चर्चच्या काचा फुटल्या, पाटीवर ज्यूंना हनुकाच्या शुभेच्छा लिहिणाऱ्या कॅथलिक शाळेच्या काचा फुटल्या, मेनोरा लावलेल्या ख्रिस्ती घरांपुढच्या गाड्यांच्या काचा फुटल्या. तरी कागद उतरले नाहीत. एक खिडकी फोडता येते, हजारो कशा फोडणार? हळूहळू ती लाट ओसरली.

सकाळी गावात फिरलो. स्मारक वगैरे शोधत नव्हतो, आणि घरांवर काही लिहिलेलं नसतं. कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर साधारण माझ्या वयाची एक बाई होती. कुठून आलात, काय बघताय, असं सुरू झालं. मी कारण सांगितलं तर हसली. तेव्हा ती शाळेत होती. कागद तिनेच चिकटपट्टीने समोरच्या खिडकीला लावला, पण लगेच नाही. वडील आधी बाहेर गेले. गॅरेजमध्ये सामान भरलेलं होतं, ते बाजूला करायला तास गेला. गाडी आत घातली, शटर ओढलं आणि मग आत येऊन म्हणाले, आता लाव. "शेजाऱ्यांनी दोन दिवस वाट पाहिली," ती म्हणाली, "आमची काच शाबूत आहे का बघत होते. मग त्यांनीही लावला." यावर ती रागावलेली वगैरे नव्हती. तिला ते अगदी साहजिक वाटत होतं, आणि मला शेजारी जास्त ओळखीचे वाटले.

आता वर्तमानपत्र घरोघरी येतं का, मी विचारलं. तिने हातातला फोन नुसता वर केला.

तिच्याकडूनच व्हाइटफिशचा विषय निघाला. मोंटानाच्याच वायव्य कोपऱ्यातलं हे स्कीइंगचं गाव. २०१६ च्या डिसेंबरात अँड्र्यू अँगलिन नावाच्या नव-नाझीने इंटरनेटवरून तिथल्या एका ज्यू बाईवर आपले लोक सोडले. फोन, ईमेल, धमक्यांचा पाऊस. या वेळी फेकायला दगड नव्हता आणि फेकणारे गावातले नव्हते. जानेवारीत बंदुका घेऊन मोर्चा काढू अशीही घोषणा झाली. गावाने काय केलं, तर दुकानांच्या आणि घरांच्या खिडक्यांत मेनोराचे कागद लावले. मोर्चा झाला नाही. २०१९ मध्ये कोर्टाने अँगलिनला १ कोटी ४० लाख डॉलर भरायला सांगितले. तो परागंदा आहे आणि पैसे कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. मेट्झगरचं निदान घर तरी होतं जप्त करायला.

दुपारी रेड लॉजच्या रस्त्याला लागलो. तिथून बेअरटूथचा घाट चढून यलोस्टोनच्या ईशान्य दारातून आत जाता येतं. घाट ऑक्टोबरात बर्फामुळे बंद होतो, त्यामुळे जाणाऱ्यांनी त्याआधी जावं. दादाला वरून फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, बिलिंग्जमध्ये हॉटेल कुठलं घेतलं होतं, पुढच्या वर्षी मुलांना घेऊन त्याच रस्त्याने जाईन म्हणतो.