टेंपे, आठवी बॅच: नवतपात वडी बसली

जमलं! टेंपे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनला रायझोपस या बुरशीचं विरजण लावून, पिशवीत भरून उबेला जमवलेली इंडोनेशियाची वडी. आज पहाटे साडेपाचला पिशवी उचलून एका कोपऱ्याला धरली, तरी वडी वाकली नाही. पांढरीशुभ्र, दाण्याला दाणा चिकटलेला, कापली तर आत कुठे फट नाही, आणि वास ताज्या अळंबीचा. नवतपा, म्हणजे मेअखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू आहे; काल दुपारी बाहेर ४५ अंश होतं. सहावी आणि सातवी बॅच याच उन्हानं खाल्ली होती, म्हणून आज सविस्तर लिहिते.

डिसेंबर-जानेवारीतल्या तीन बॅचेस आठवत असतील. थर्मोकोलचा डबा, १५ वॅटचा बल्ब, थर्मोस्टॅट ३१ वर. रात्री पारा १० च्या आसपास होता आणि डब्याला फक्त ऊब द्यायची होती, त्यामुळे तिन्ही सुरेख निघाल्या. मार्च-एप्रिलमधल्या दोन वड्यांवर, हवेसाठी पिशवीला दाभणानं पाडलेल्या भोकांभोवती, काळे-राखाडी डाग आले. ते बुरशीचे बीजाणू, खायला काही अपाय नाही, पण चव कडवट होते. मे लागला आणि गाडी पुरती रुळावरून उतरली.

सातव्या बॅचला बल्ब लावलाच नाही. डबा कूलरच्या खोलीत ठेवला, खोली ३१. बारा तास सगळं शांत. सोळाव्या तासाला तापमापकाचा प्रोब वडीच्या मधोमध खुपसला तर ३६. म्हटलं छान, बुरशी जागी झाली. रात्री दीडला लाइट गेली ती पावणेचारला आली. उठून बघते तर वडीच्या पोटात ४६! सकाळी पिशवी उघडली तेव्हा दाणे बुळबुळीत, तार सुटणारे, आणि असा अमोनियाचा भपकारा की स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडाव्या लागल्या. अर्धा किलो सोयाबीन आणि दोन दिवसांची मेहनत, सगळं टाकून दिलं. फार वाईट वाटलं.

त्या दिवशी आधीच्या सगळ्या बॅचेसची तापमानं वहीत एकाखाली एक मांडली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रायझोपस पहिले बारा-चौदा तास बाहेरची ऊब मागते. त्यानंतर ती इतक्या जोरात वाढते की स्वतःच तापते. खोली ३१ असली तरी वडीचं पोट सहज आठ-दहा अंश वर जातं, आणि त्यातून थर्मोकोल ती उष्णता आत कोंडून ठेवतो. ४२-४३ च्या पुढे बुरशी मान टाकते आणि उष्णतेला न घाबरणारे जीवाणू ताबा घेतात. थोडक्यात, दुसऱ्या दिवशी तिला गारवा हवा असतो आणि मी तिला गोधडीत गुंडाळून बसले होते. माझा थर्मोस्टॅट डब्यातली हवा मोजत होता. तुमच्यापैकी कोणी अजून तसंच करत असेल, तर प्रोब आजच वडीच्या आत घाला.

मग गारवा आणायचा कुठून? छोटा पंखा लावला तर वडीचा वरचा थर सुकतो. फ्रीजमध्ये ठेवून काढून घेण्याचा प्रयोग सहाव्या बॅचला केला होता, त्यात अर्धी वडी वाढली आणि अर्धी झोपली. मी दुसरा कंट्रोलर मागवायच्या बेतात होते. सासूबाई माठाला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "काहून त्या डब्याच्या मागं लागली तू? माठाखालच्या वाळूत ठेवून पाह्य ना. आम्ही दूध ठेवत होतो तिथं."

मी लगेच माठाखालच्या ओल्या वाळूत प्रोब खुपसला. खोलीत ३८, वाळूत २७! आपल्याकडची मेमधली हवा इतकी कोरडी असते की ओली वाळू सतत सुकत राहते आणि सुकताना उष्णता ओढून घेते. कूलरच्या ताट्यांतही हेच होतं, पण वाळूला लाइट लागत नाही.

आता मांडणी अशी आहे. मातीचं मोठं परळ, त्यात चार बोटं ओली वाळू, वर स्टीलची जाळी, जाळीवर वड्या, आणि त्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं, वड्यांना न टेकणारं. पहिले बारा तास वड्या नुसत्या खोलीत, उबेला. तेरावा तास लागला की परळावर. वाळूत दर चार तासांनी वाटीभर पाणी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वडीची जाडी ४ सेंटिमीटरवरून २ वर आणली. पातळ वडीचं पोट कातडीजवळ असतं, उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. कालचे आकडे: अठराव्या तासाला ३३, बाविसाव्याला ३६, तिथेच थबकलं, अठ्ठाविसाव्याला ३४. रात्री पुन्हा तासभर लाइट गेली होती, पण मला ते सकाळी घड्याळ लुकलुकताना दिसलं तेव्हा कळलं.

अर्धी वडी सकाळीच मेंदोआनमध्ये गेली. मध्य जावाच्या बन्युमास भागातला हा रोजच्या खाण्यातला प्रकार. टेंपेचे पातळ काप तांदळाच्या आणि गव्हाच्या पिठाच्या सैल घोलात बुडवायचे, घोलात धणे, लसूण आणि भरपूर कांद्याची पात. तळताना कुरकुरीत होऊ द्यायचं नाही, मऊ असतानाच काढायचं. तिकडच्या बोलीत मेंदो म्हणजे अर्धकच्चं, त्यावरूनच नाव. मी पातीसोबत मूठभर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, टाकला. सोबत चावायला हिरवी मिरची. केचाप मानिस घरीच केलं: सोया सॉस, ताडगूळ आणि एक चक्रीफूल, मधासारखं दाट होईपर्यंत आटवलेलं. सासूबाईंनी चार खाल्ले आणि पाचवा मागितला. मला या बॅचचं सगळ्यात मोठं बक्षीस तेच वाटलं.

सोयाबीनबद्दल पुन्हा सांगते, कारण गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं होतं. विदर्भात सोयाबीनला तोटा नाही, नागपूरच्या इतवारी बाजारात सुटी मिळते. पण पेरणीच्या बियाण्याची पिशवी स्वस्त मिळाली तरी हात लावू नका. त्या दाण्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते तुमच्या विरजणाला मारेल आणि तुम्हालाही बाधेल. सालं काढायला मिक्सर नको, दाण्याचा चुरा होतो. कोरडी सोयाबीन जात्यावर हलकी भरडून सुपात पाखडते, वीस मिनिटांत काम होतं. विरजणाची पूड मात्र तारीख बघूनच घ्या. एका विक्रेत्यानं पाठवलेलं पाकीट उन्हात फिरून आलेलं होतं, त्यातून एक धागासुद्धा फुटला नाही. उन्हाळ्यापुरती पूड फेब्रुवारीतच मागवून फ्रीजरमध्ये ठेवायची, हे आता ठरलंय.

ज्यांनी ओल्या नारळाचा चोथा घालून टेंपे करायची कल्पना मांडली होती, त्यांना कळकळीनं सांगते, करू नका. जावात नारळाचं टेंपे बोंगक्रेक खायचे. त्यात एक जीवाणू वाढला तर असं विष तयार होतं की ते शिजवूनही जात नाही. त्यानं माणसं दगावली, आणि १९८८ मध्ये इंडोनेशियानं ते बनवण्यावर बंदी घातली.

बाकी देशांचे पदार्थही करून बघते आहे, त्यांचं थोडक्यात. इजिप्तच्या कोशरीचा तळलेला कांदा अखेर कुरकुरीत झाला: पातळ चिरून गच्चीवर वीस मिनिटं ऊन दाखवलं, मग तळला. त्याच तेलात तांदूळ परतला तर भात, मसूर, मॅकरोनी आणि काबुली चणे यांना एक चव येते. जपानच्या ओकायूला, म्हणजे तांदळाच्या पेजेला, एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी. माझ्याकडे एचएमटी होता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला तो बारीक तांदूळ. जपानी तांदळासारखा तो चिकट नाही, म्हणून मंद आचेवर पाऊण तास ठेवला. उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट जपानी फळाच्या, जागी मुरलेलं लिंबाचं लोणचं. ताप उतरल्यावर खावी अशी पेज झाली.

नववी बॅच पुन्हा सोयाबीनचीच करणार होते. पण जाळी धुताना वाटलं, हरभऱ्याच्या डाळीला सालच नाही, मग भरडण-पाखडण कशाला? सकाळी नऊला डाळ भिजत घातली. सहा तास पुरतील, शिजवताना दोन चमचे व्हिनेगर घालीन, आणि बोटानं दाबली जाईल पण मोडणार नाही इथवरच शिजवीन. अर्धी पिशवीत, अर्धी पळसाच्या पानात. पळसाला आता नवी पालवी आहे आणि पान श्वास घेतं, दाभणानं भोकं पाडायला नकोत.

आणि हे लिहितानाच सुचलं: जावात टेंपे सागाच्या पानातही बांधतात, आणि पानाच्या खालच्या लवेवर धरलेले बीजाणू पुढच्या वेळचं विरजण म्हणून वापरतात. त्याला उसार म्हणतात. साग आपल्या दारात आहे! सध्या झाडं उघडी आहेत, पाऊस पडला की मोठी पानं येतील. चंद्रपूरला मामेबहिणीला आत्ताच फोन केला, जूनअखेर पंधरा पानं येताहेत. तोवर उद्या पहाटे डाळीचा तेरावा तास लागला की ती परळावर जाईल, वाळू भिजवून ठेवली आहे.