वेबसाईट तेलघाणीची, चावी साईटवाल्याकडे

वेबसाईटवरचा एक फोन नंबर बदलायचा होता. काम एवढंच होतं.

नागपूर-वर्धा रोडवर केळझरजवळ आमची लाकडी घाणी आहे. जवस, शेंगदाणा, तीळ, हंगामात करडई. धाकटे काका चालवायचे. गुडघ्यांनी साथ सोडली तशी त्यांनी ती माझ्या हाती दिली, आणि घाणीसोबत एक वेबसाईटही आली. तिच्यावर काकांचा जुना, बंद पडलेला नंबर. गिऱ्हाईक शोधून फोन लावायचं, रेकॉर्ड केलेल्या बाईचं बोलणं ऐकायचं आणि सरळ वर्ध्याला निघून जायचं. हे मला कळलं ते सेवाग्राम पाहायला आलेल्या एका ताईंमुळे. पाटी दिसली म्हणून त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "अहो, सकाळपासून तुम्हालाच फोन लावतेय."

छोट्या धंद्यानं इंटरनेटवर दिसायला जे करावं लागतं त्यातलं बहुतेक सोपं आहे आणि बरंचसं फुकट आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी जिथं अडकलो ते, कारण राग अजून गेलेला नाही.

साईट बनवणारा जिल्ह्याच्या गावी मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत बसतो. फोनवर एकदम गोड. "करून देतो ना भाऊ, दोन मिनिटाचं काम आहे." पोळा गेला, गणपती गेले, नंबर तोच. मग म्हणे, मेंटेनन्सचे पैसे बाकी आहेत. म्हटलं, घे बाप्पा, पण मला लॉगिन दे, माझं मी बदलतो. त्यावर उत्तर आलं:

"लॉगिन नाही देता येत भाऊ. सगळ्या पार्ट्यांचं एकाच अकाउंटमध्ये आहे."

कोणी तुमची साईट बनवत असेल तर हे वाक्य लक्षात ठेवा. वेबसाईटमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या असतात. होस्टिंग म्हणजे साईटच्या फायली जिथं ठेवल्या आहेत ती भाड्याची जागा. ती बदलता येते, साईट नव्यानं करता येते. डोमेन म्हणजे तुमचं नाव, जे पाटीवर, बाटलीवर, बिलबुकावर छापलेलं असतं. ते रजिस्ट्रार नावाच्या कंपनीकडून वर्षाच्या हिशोबानं घ्यावं लागतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. आणि ज्याच्या अकाउंटमध्ये ते आहे, रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. शेत आपण वाहतो, सारा आपण भरतो आणि सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचंच, तसला प्रकार. काकांनी पैसे वेळच्या वेळी दिले होते. पावतीवर "डोमेन व होस्टिंग" असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण नोंद साईटवाल्याच्या फर्मच्या नावावर.

कोणत्याही डोमेनची नोंद आपल्याला घरबसल्या पाहता येते, तिला हू-इज म्हणतात. 2018 पासून मालकाचं नाव आणि ईमेल बहुतेक वेळा झाकलेले असतात. पण रजिस्ट्रार कोण, डोमेन कधी घेतलं आणि कधी संपतं, हे दिसतं. आमचं दिवाळीच्या तोंडावर संपत होतं. म्हणजे ज्या दिवसांत तीळ आणि शेंगदाण्याच्या तेलाला सगळ्यांत जास्त उठाव, नेमक्या त्याच दिवसांत साईट बंद पडली असती, आणि मुदत संपल्याची सूचना जाणार होती साईटवाल्याच्या ईमेलवर. डॉट कॉमचं नाव मुदत संपताच हातचं जात नाही. रजिस्ट्रार थोडे दिवस सवलत देतो, मग 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात जबर दंड भरावा लागतो, आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येतं.

रजिस्ट्रारला फोन केला. पावती पाठवली, घाणीचा फूड लायसन्सचा कागद पाठवला. उत्तर एकच: ज्या ईमेलवर नोंद आहे त्याच ईमेलवरून विनंती करा. चिडचिड झाली, पण नियम चुकीचा म्हणता येत नाही. उद्या कोणीही पावती दाखवून माझं डोमेन मागितलं तर मला चालेल का? वकील असलेल्या मावसभावानं सांगितलं की भांडायचंच असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची पद्धत आहे. पण तिथं त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवावा लागतो, आणि फीचा आकडा ऐकून काकू म्हणाली, "एवढ्यात तर दुसरी घाणी येईल."

मग साईटवाल्यानं तोडगा काढला, कोड देतो म्हणाला. डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे न्यायला एक गुप्त कोड लागतो, आणि मालकानं मागितल्यावर डॉट कॉमसाठी तो 5 दिवसांत मिळाला पाहिजे असा नियम आहे. कोड आला, पण डोमेन दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्यावर असतं ते कुलूप काढलेलं नव्हतं. कुलूप काढा म्हटलं तर "साहेब बाहेर आहेत." साहेब तोच, ऑफिसमध्ये दुसरं कोणी नाही. शेवटी मी दुपारी जेवणाच्या वेळी त्याच्या खोलीत जाऊन बसलो आणि उठलोच नाही. जेवायला जायचं होतं त्याला, मला नव्हतं.

त्यानं अकाउंट उघडलं. पडद्यावर मोठी यादी: एक मंगल कार्यालय, एक कृषी केंद्र, दोन-तीन ट्यूशन क्लास, एक दवाखाना, आणि मधोमध आमची घाणी. तिच्यापुढे मुदतीची तारीख लाल अक्षरांत. त्या यादीतल्या एकालाही माहीत नसेल की आपलं नाव इथं पडून आहे.

दुसरीकडे न्यायची गरजच नव्हती, हे मला तोवर भाचीनं शोधून दिलं होतं. त्याच रजिस्ट्रारकडे आपलं स्वतःचं फुकट अकाउंट उघडायचं आणि साईटवाल्याला सांगायचं की डोमेन या अकाउंटात ढकल. कोड लागत नाही, दिवसच्या दिवस वाट पाहावी लागत नाही. मी ते मोबाईलवर दाखवलं. तो म्हणाला, असं असतं का? मी काही बोललो नाही.

बटण दाबलं आणि ओटीपी गेला एका ईमेलवर. तो ईमेल त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या पोराचा, आणि पोरगा आता पुण्यात. मीच त्याला फोन लावला. बिचारा मीटिंगमध्ये होता, तरी कुजबुजत एकेक आकडा सांगितला. पहिला ओटीपी टाकेपर्यंत मुदत गेली, दुसरा चालला. माझ्या मोबाईलवर मेल आला, मी स्वीकारलं, आणि घाणीचं नाव माझ्या अकाउंटमध्ये दिसलं. मी तिथंच त्याच्या खुर्चीपाशी उभा राहून नोंदीतलं नाव, पत्ता, ईमेल बदलून टाकला. नोंद बदलली की डॉट कॉमवर 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न जाण्याचं कुलूप लागू शकतं. ते लागलं, लागू दे. मला कुठं जायचं होतं?

खाली उतरून समोसा खाल्ला. बरं वाटलं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. जुनी साईट ठेवण्यासारखी नव्हतीच. त्यातला मराठी मजकूर म्हणजे छापखान्यातल्या पत्रिकेचा फोटो होता. फोटोतली अक्षरं शोधणाऱ्याला सहसा सापडत नाहीत. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाईप केलेलाच हवा. तुमच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमधली फाईल असेल तर ती जशीच्या तशी साईटवर डकवू नका, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. भाचीनं एकच पान केलं: काय मिळतं, बाटलीचे भाव, कुठं आहे, कधी उघडं, फोन. एका पानात भागतं. मोठे फोटो आधी बारीक करून टाका, आमच्याकडे रेंज असते तिथं असते आणि नसते तिथं नसते.

व्हॉट्सॲपच्या बटणाचं सांगायचं राहिलं. डब्ल्यूए डॉट मी ची लिंक करताना पुढे 91 आणि लगेच दहा आकडी नंबर. अधिक चिन्ह नको, शून्य नको. जुन्या साईटवर शून्य लावलेलं होतं, त्यामुळे ते बटणही मेलेलंच होतं.

जवसाच्या तेलाखाली जुन्या साईटवर "हृदयरोग, संधिवात, मधुमेह बरा करते" असं लिहिलेलं होतं. ते आधी काढलं. खाण्याच्या वस्तूबद्दल रोग बरा होण्याचे दावे करता येत नाहीत, 2018 चे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे नियम आहेत, आणि फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर आपण त्याच पानावर टाकतो. त्या जागी आता जवस कुठल्या शिवारातली, घाण्यातून किती वेळानं निघते, तेल किती दिवस टिकतं आणि उन्हात का ठेवू नये, हे लिहिलंय. लोक तेच विचारतात. शिवाय वर्धा आणि घाणीचं जुनं नातं दोन ओळींत टाकलं: 1934 साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, मगनवाडीत, म्हणजे संघाच्या केंद्रात, झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली. मगनवाडी पाहून परतणारा माणूस "वर्धा घाणी" असं शोधतो, त्याला हे पान सापडावं म्हणून. आमचा घाणा मोटरवर चालतो, हेही तिथंच लिहिलं. बैल शोधत येणाऱ्यांची निराशा मला नको.

गूगल बिझनेस प्रोफाईल फुकट आहे, आणि खरं सांगायचं तर रस्त्यावरच्या धंद्याला साईटपेक्षा तेच आधी करावं. पडताळणीला न तोडता एकच व्हिडिओ मागतात: बाहेरचा रस्ता, पाटी, आतलं काम, आणि तुम्हीच चालवता हे दिसेल असं काही. मी कुलूप उघडून आत गेलो, घाणा सुरू केला, बिलबुक दाखवलं. सकाळीच काढा, दुपारी लाईन जाते. पाटीवरचं नाव, प्रोफाईलवरचं नाव आणि साईटवरचं नाव अक्षरशः एक ठेवा, नंबरही एकच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा पाव लिटर तेल देऊ नका, गूगलला ते चालत नाही. नुसतं मागा. आमच्याकडची माणसं देतात, फक्त आपल्याला मागायला लाजायला होतं.

सर्च कन्सोल नावाचं आणखी एक फुकट साधन आहे, लोक काय टाईप करून आपल्याकडे आले ते दाखवतं. पूर्ण डोमेन त्यात जोडायला डोमेनच्या सेटिंगमध्ये एक टीएक्सटी नोंद घालावी लागते, म्हणजे पुन्हा चावी आपल्याच हाती हवी. आम्हाला त्यातून कळलं की लोक "जवस तेल" टाकतात तसं "अळशी तेल"ही टाकतात. पानावर आता दोन्ही शब्द आहेत.

नूतनीकरण आपोआप होईल या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरच्या आपोआप कापणीचे नियम कडक झाले आहेत आणि पैसे कापले न जाता मुदत निघून जाऊ शकते. मी एकदम पाच वर्षांचे भरून टाकले, आणि ईमेल घाणीच्या नावानं वेगळा काढून त्याचा पासवर्ड काकूच्या वहीत लिहून ठेवलाय.