तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन हार्वेस्टर सोडून जुना खटाराच का?

शेजाऱ्यापासून जावयापर्यंत सगळे एकच विचारतात, शेजारच्या गावात एसी केबिनचा नवीन हार्वेस्टर उभा असताना तुम्ही सोयाबीनला दरवर्षी त्या सरदारजींचं जुनं मशीनच का बोलावता. पैसे वाचवतो, नवीन समजत नाही, हे तुम्हीच ठरवून टाकता. एकरी भाव दोघांचा जवळपास सारखाच आहे हो.

आणि दाणा नवीन मशीनचाच चांगला, हेही मीच सांगतो. जुन्यात ड्रम आणि जाळीच्या मधे शेंग आपटून दाणा निघतो, माल कडक वाळलेला असला आणि ड्रमचे फेरे कमी केले नाहीत की सोयाबीनची सरळ डाळ होते. बियाण्यासाठी फेरे मिनिटाला 350 ते 400 ठेवा म्हणतात, पण सीझनमध्ये घाई एवढी की दुसऱ्या पिकाच्या सेटिंगवर आलेलं मशीन तसंच घुसवतात. नव्यात लांब रोटर, माल त्याच्याभोवती फिरत घासून सुटतो, फूट कमी. मान्य. खालच्या शेंगा तर दोन्ही मशीनं सोडतात, पाती अजून खाली घेतली की दगड-माती आत, त्यात नव्या-जुन्याचा प्रश्न नाही.

मग अडलं कुठं? तर ऐका. आमचं रान लातूर जिल्ह्यात. दसरा होऊन गेलेला, शेंगा हात लावला की तडकायच्या अवस्थेत, वर ढग. मीच हौसेनं नवीन मशीन बोलावलं. अर्ध्याच्या वर रान झालं आणि स्क्रीनवर लाल दिवा, पीं पीं आवाज, आणि इंजिन बंद. परत चालूच होईना. ड्रायव्हर चांगला पोरगा, खाली वाकून त्यानं दोष शोधलासुद्धा, मागच्या बाजूला एका सेन्सरची वायर पत्र्याला घासून तुटलेली, बोटभर वायर. त्यानं जोडली, टेप मारली. तरी स्क्रीन म्हणते एरर. तो कंपनीच्या माणसानं लॅपटॉप लावल्याशिवाय जात नाही म्हणे, आणि तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यात. टाकी सोयाबीननं काठोकाठ भरलेली, पण माल बाहेर टाकायचा पाईप इंजिनावर चालतो, म्हणजे तोही बंद. मग आम्ही घरची सगळी वर चढून घमेल्यानं टाकी उपसली, अंधार पडेपर्यंत. बायको वरून घमेलं देतेय, मी खाली ताडपत्रीवर ओततोय, आणि तो पोरगा फोन कानाला लावून बांधावर फेऱ्या मारतोय. पाऊस रात्रीच आला. लॅपटॉपवाला आला तोवर उभ्या राहिलेल्या पिकात शेंगेतच कोंब दिसायला लागले होते, आणि त्याचं काम किती वेळाचं, तर चहा होईपर्यंतचं.

जुन्या मशीनचा पट्टा तुटतो, बेअरिंग जातं, दिवसातून दोनदा थांबतं, पण सरदारजी पाना घेऊन खाली घुसतो आणि तासाभरात ते परत चालू होतं. मला खराब होणारं मशीन चालतं, न उघडता येणारं चालत नाही.

कुणी म्हणेल सेन्सर आहे म्हणून तर रोटर चोंदायच्या आत कळतं, इंजिन वाचतं. खरंय. मीच आधी पारावर बसून हे सगळ्यांना सांगायचो, जुनी मशीनं भंगारात घाला म्हणायचो, आणि ते सगळंच चूक होतं असं आजही म्हणवत नाही. पण सेन्सर बसवणाऱ्यानं एरर घालवायची किल्ली स्वतःच्याच खिशात का ठेवायची? अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं 2023 साली कायदाच केला, शेतीयंत्र दुरुस्त करायला लागणारं सॉफ्टवेअर, पार्ट आणि माहिती शेतकऱ्याला द्यायलाच पाहिजे म्हणून. म्हणजे तिकडचे मोठे शेतकरीही याच्यावरच वैतागलेत, मी एकटा अडाणी नाही.

यंदा बियाण्याचं दोन एकर नवीन मशीननं काढावं असं मनात येतंय, उगवणीसाठी. बायको म्हणते आधी विचारा तो लॅपटॉपवाला राहतो कुठं. बाकीचं रान सरदारजीच काढणार, पटत नसेल तर राहू द्या.