आईच्या खुब्याचं ऑपरेशन आणि एका शब्दात अडकलेले चार दिवस

आईच्या आधार कार्डावर नावाला 'बाई' जोडलेलं आहे, शिधापत्रिकेवर नाही. एवढ्या एका शब्दापायी खुब्याचं हाड मोडलेली माझी ७१ वर्षांची आई चार दिवस पायाला वजन बांधून पडून राहिली. तिला घरी आणून दोन महिने झाले, तरी सरकारी रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरची आठवण आली की आजही माझा घसा कोरडा पडतो.

बुधवारी संध्याकाळी ती अंगणात पडली. १०८ ला फोन केला, गाडी आली, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे झाला. तिथे ३० खाटा आहेत, पण हाडांचे सर्जन नाहीत. डॉक्टरांनी पाय बांधून दिला, चिठ्ठी लिहिली आणि शहरातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितलं. गुरुवारी पहाटे आम्ही अपघात विभागात पोचलो. इथवर कुणीही अडवलं नाही. उलट रात्रभर जागलेल्या निवासी डॉक्टर मुलीने "आजी, कुठे दुखतंय?" म्हणून आईचा हात हातात घेतला, ते मी विसरणार नाही.

वॉर्डात गेल्यावर हे रुग्णालय काय ओझं पेलतं ते कळलं. आईच्या उजवीकडची बाई शेजारच्या जिल्ह्यातली, डावीकडची त्याच्याही पलीकडच्या. समोर ट्रॅक्टरखाली सापडलेली एक मुलगी होती, तिला जिल्हा रुग्णालयातून पाठवलेलं. मराठवाड्यात लोक 'घाटीला नेलं' म्हणतात, नागपूरकडे 'मेडिकलला नेलं', पुण्याच्या आसपास 'ससूनला'. या शब्दांत केवढा विश्वास आहे! ससून १८६७ पासून उभं आहे, मुंबईत केईएम आणि त्याचं महाविद्यालय १९२६ पासून. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, या सगळ्या पायऱ्यांवर जे झेपत नाही ते शेवटी अशाच दारात येतं. आणि त्याच खाटेभोवती उद्याचे डॉक्टर शिकतात. राऊंडला सरांबरोबर दहा-बारा मुलं यायची. सर विचारायचे, "पाय आखूड का दिसतोय? बाहेर का वळलाय?" आईला त्याचा त्रास झाला नाही. ती म्हणाली, "शिकू दे लेकरांना, उद्या आपल्याच गावाला येतील." त्यातल्याच एका मुलाने मला कागदावर चित्र काढून मांडीच्या हाडाची मान कुठे मोडली आहे ते दाखवलं. तोवर मला कुणीच इतकं नीट समजावलं नव्हतं.

गुरुवार-शुक्रवारमध्ये रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, टूडी इको, भूलतज्ज्ञांची तपासणी, सगळं उरकलं. शुक्रवारी दुपारी फिटनेस, म्हणजे भूल देऊन ऑपरेशन करायला हरकत नाही असा शेरा, मिळाला. आमच्या युनिटचे, म्हणजे आईला बघणाऱ्या डॉक्टरांच्या गटाचे, ओटीचे (ऑपरेशनचे) दिवस सोमवार आणि गुरुवार. सोमवारच्या यादीत आईचं नाव लिहिलं गेलं.

मग संध्याकाळी साडेपाचला योजनेच्या काउंटरवरून निरोप आला. "ताई, क्वेरी आलीये. नाव जुळत नाही."

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खुब्यात बसवायचा कृत्रिम गोळा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मिळणार होता. आधी ही योजना मुख्यतः पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांसाठी होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेलं. पण ऑपरेशनच्या आधी पूर्वपरवानगी लागते. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारी योजनेची माणसं, कागद संगणकावर चढवतात, पलीकडे ते तपासले जातात, शंका आली की क्वेरी पडते. क्वेरी सुटेपर्यंत गोळा नाही, आणि गोळा नाही तर ऑपरेशन नाही.

"मग काय करू?" मी विचारलं. "तहसीलमधून आणा." काय आणू, कुणाच्या सहीचं, कोणत्या नमुन्यात, याचं उत्तर नाही. खिडकीपाशी आणखी वीसेक जण उभे होते आणि काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती.

राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा आहे. म्हणजे शनिवार-रविवार तहसील बंद. ते दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. निवासी डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या वयात हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हायला हवं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. हे ऐकलेलं असताना मी दर दोन तासांनी आईची पाठ पुसत होते आणि तिला फुंकर मारायचा व्यायाम करायला लावत होते. शनिवारी रात्री तिला ताप आला. मी जिन्यात जाऊन रडले. सिस्टरांनी पॅरासिटामॉल दिली, सकाळी ताप उतरला. (तुमचं माणूस असं पडून असेल तर पाठ आणि टाचा रोज स्वतः बघा. एका सिस्टरकडे चाळीस खाटा असतात.)

सोमवारी सकाळी माझा भाऊ तहसीलच्या पुरवठा विभागात उघडायच्या आधी जाऊन उभा राहिला. आधी त्याला सांगितलं, नावदुरुस्तीचा अर्ज करा, वेळ लागेल. त्याने अर्ज केला, पोचपावती घेतली, आणि दाखल असल्याचा रुग्णालयाचा कागद दाखवून अडूनच बसला. दुपारी तीनच्या पुढे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं पत्र सही-शिक्क्यासह मिळालं. त्याने फोटो पाठवला, मी तो छापून काउंटरवर दिला. तोवर सोमवारची ओटी संपलेली होती. मंगळवारी दुपारी मंजुरी आली. ऑपरेशन गुरुवारी, म्हणजे पडल्यापासून आठव्या दिवशी.

आणि खरी टोचणी पुढेच आहे. बुधवारी वॉर्डातल्या मावशींनी मला समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत नेलं. त्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारीच का नाही आलात? तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवर घेता येते, कागद नंतर देता येतात." ही खोली आमच्या वॉर्डापासून पन्नास पावलांवर होती. काउंटरवरच्या माणसाने एवढंच वाक्य बोलायला हवं होतं. चार-चार जिल्ह्यांतून लोक ज्या दारात येतात, तिथे ही माहिती दाखल होतानाच हातात मिळायला हवी. आणि नावं जुळतात का हे तर ग्रामीण रुग्णालयात चिठ्ठी लिहितानाच बघता येईल, पाच मिनिटांचं काम आहे.

तेव्हा कुणालाही घेऊन जाणार असाल तर पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. योजनेचा १५५३८८ हा क्रमांकही आहे, मला तो नंतर कळला. आधार आणि शिधापत्रिका समोरासमोर धरून अक्षर न् अक्षर जुळवा, आजारी पडायच्या आधीच. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. केस पेपर आणि एक्स-रे कुणालाही देऊन टाकू नका, परत मागून घ्या. युनिट कोणतं ते लिहून ठेवा, कारण पुढची तपासणी त्याच युनिटच्या ओपीडीच्या दिवशी होते, भलत्या दिवशी गेलात तर परत पाठवतात. आणि हो, डिस्चार्जच्या वेळी परतीच्या प्रवासाचे पैसे आणि पुढच्या दहा दिवसांची औषधं योजनेत मिळतात. आम्ही औषधं घेतली, प्रवासाचं माहीतच नव्हतं.

ऑपरेशन करणाऱ्यांबद्दल मात्र माझ्या मनात फक्त ऋण आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला वॉकरवर उभं केलं. आता ती ओसरीपासून चुलीपर्यंत काठीवर चालते. गावात कुणाला शहरात न्यायचं झालं की लोक आधी आमच्याकडे येतात आणि मी त्यांचे कागद ओसरीवर पसरून नावं जुळवून बघते. आईच्या नावदुरुस्तीचा अर्ज अजून तहसीलमध्येच आहे. बुधवारी तिला फेरतपासणीला न्यायचं आहे, पोचपावती फाइलमध्ये वरच लावून ठेवली आहे.