मार्किंग जपताना राहिलेली आंघोळ

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या एका काकूंना अठराव्या सिटिंगनंतर आमच्या ड्रेसिंग रूममध्ये पाठवलं. स्तनाखालच्या घडीत पिवळट जाड थर, त्याला वास आणि कडेची कातडी लालभडक. बघताक्षणी जखम खोल वाटावी अशी. पण तो थर होता मेलेल्या कातडीचा, टाल्कम पावडरचा आणि दिवसेंदिवस साठलेल्या क्रीमचा. 'मार्किंग (किरणं कुठे द्यायची ते दाखवणाऱ्या कातडीवरच्या रेघा) पुसू देऊ नका' या सूचनेवरून त्यांनी तिथे पाणीच लावायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

हा गैरसमज नेहमी भेटतो. मार्किंग पुसतं ते घासल्यामुळे. कोमट पाणी अंगावरून वाहू दिलं, सौम्य, बिनवासाचा साबण हाताने लावला आणि मऊ टॉवेलने टिपून घेतलं तर रेघा बहुधा टिकतात. फिकट झाल्याच तर घरी पेनने गिरवायच्या नाहीत, टेक्निशियनला सांगायचं.

आधी पडदा ओढला, दुसरी बाजू चादरीने झाकली. काकू वासाबद्दल परत परत माफी मागत होत्या. "काकू, हा त्या थराचा वास आहे, धुतला की जाईल. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन," एवढं सांगून सुरुवात केली. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा तास आधी दिलेली होती. ती ड्रेसिंग झाल्यावर देण्यात काही अर्थ नसतो.

कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज घडीत ठेवलं, दहा-पंधरा मिनिटं. सुकायला लागलं की वरून पुन्हा सलाइन. थर सुटत आला की तेवढाच टिपून घ्यायचा. चिकटलेला तुकडा चिमटीत धरून ओढायचा मोह होतो, तो आवरायचा. रेडिएशनमुळे तळाच्या थरातल्या नव्या पेशी बनवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे उगवलेली नाजूक कातडीही त्या तुकड्याबरोबर निघून येते आणि रक्त येतं. तिसऱ्या गॉजनंतर खालची ओली गुलाबी त्वचा दिसली. जखम वरवरचीच होती.

पावडर इथे का नको, तेही काकूंना दाखवता आलं: ओलाव्यात तिचे गोळे झाले होते आणि स्तन हलला की तेच कातडीवर घासत होते.

ओल्या जागेवर सिलिकॉनची न चिकटणारी जाळी आणि वर शोषून घेणारं पॅड. चिकटपट्टी रेडिएशनच्या भागात अजिबात नाही. सुती बंडीने पॅड जागेवर राहतं. तारेची ब्रा बंद. क्रीम फक्त आजूबाजूच्या न फुटलेल्या कातडीवर, पातळ. जाड लेप किंवा जाड ड्रेसिंग अंगावर ठेवून सिटिंग घेतली तर किरणांची मात्रा कातडीवरच वाढते, म्हणून मशिनवर जाण्याआधी पॅड काढायचं. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच गोष्ट, त्यामुळे ती टेक्निशियनच्या कानावरही घातली.

घरी सलाइन करायचं तर एक लिटर पाणी उकळून त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा (पाच मिलीचा), आणि कोमट होऊ द्यायचं. रोज ताजं. धुतल्यावर घडीत मऊ सुती कापड ठेवून हवा लागू द्यायची. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

सिटिंग चालू ठेवायच्या की मध्ये थांबायचं, हे डॉक्टर ठरवतात. त्यांनी तपासून चालू ठेवल्या. आम्ही काकूंना एवढं मात्र आधीच सांगून ठेवलं, की शेवटच्या सिटिंगनंतर एक-दोन आठवडे कातडी आणखी बिघडलेली दिसू शकते आणि भरायला त्यानंतरच लागते. हे माहीत नसलं की उपचार संपल्यावर लोक घाबरतात आणि मिळेल तो लेप लावतात. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, पू दिसला, लाली पसरत गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.