वॉरंटची थकबाकी: आधी रजिस्टर कोर्टाशी जुळवा

पोलीस ठाण्यात प्रलंबित अटक वॉरंटचा आकडा फुगला की ‘ऑल आऊट’चा, म्हणजे रात्रभराच्या धरपकड मोहिमेचा, आदेश निघतो. रात्रभर गाड्या फिरतात, काही जण सापडतात, पण ढीग फारसा हलत नाही. कारण त्यातली कोणती वॉरंटं अजून जिवंत आहेत, हेच कोणी पाहिलेले नसते.

वॉरंटला मुदत नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बजावणी होईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते लागू राहते. चेक बाउन्सच्या खटल्यात आरोपी परस्पर हजर होतो, वकील वॉरंट रद्द करून घेतो आणि तो आदेश ठाण्यात पोचतच नाही. मग रजिस्टरवर नाव तसेच राहते आणि एखाद्या रात्री त्याच माणसाला घरातून उचलले जाते. हा सरळ अन्याय आहे.

म्हणून वॉरंट अंमलदाराने पैरवीवाल्याला (ठाण्याचे कोर्टातले काम पाहणाऱ्या पोलिसाला) सोबत घेऊन, रजिस्टरसकट कोर्टात बसायला हवे. सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) खटला निकाली निघाला का ते ई-कोर्ट्स संकेतस्थळावर कळते, पण वॉरंट रद्द झाले का, याची खात्री रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या दर तारखेच्या कामाची नोंद, बघूनच करावी. आरोपी मयत असेल तर मृत्यू दाखला जोडा. ‘मयत झाल्याचे समजते’ एवढ्या शेऱ्यावर काम भागत नाही.

मग प्रश्न येतो ओळखीचा. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे, आणि पावरा, वसावे, पाडवी अशी तीच ती आडनावे. वॉरंटवर नुसते नाव आणि गाव असेल तर चुकीचा माणूस उचलला जाऊ शकतो. मूळ गुन्ह्याचा अटक फॉर्म काढून वडिलांचे नाव, वय, पाडा, अंगावरची खूण पाहा आणि पोलीस पाटलाकडून खात्री करा. जामिनाच्या कागदांत जामीनदाराचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती असते, तीही काढून ठेवा. पुढे ती फार कामाला येते.

खानदेशात वेळ चुकली की खेप वाया. दिवाळीनंतर बरेच मजूर ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा सुरतेकडे जातात. जानेवारीत गेलात तर घराला कुलूप. होळीला सातपुड्यातली माणसे परततात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाकी खानदेशातली. तेव्हा बीट हवालदाराने पाड्यावर असायला हवे. ऐन सणाच्या दिवशी मात्र कोणाला उचलू नये. आदल्या आठवड्यात निरोप द्या, सण उलटला की कोर्टाच्या चालू दिवशी जा. कलम ७३ प्रमाणे वॉरंटवर जामिनाचा शेरा असेल तर रक्कम आणि जामीनदारांची संख्या त्यातच लिहिलेली असते. जामीन दिला की त्याला ताब्यात ठेवता येत नाही, फक्त तारीख नीट समजावून सांगा.

आरोपी सुरतेत असेल तर कलम ८१ प्रमाणे तिथल्या ठाणे प्रमुखाचा किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा शेरा घ्या. अटकेच्या जागेपासून आपले कोर्ट ३० किलोमीटरपलीकडे असेल तर साधारणपणे तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे, पोलीस अधीक्षकापुढे किंवा पोलीस आयुक्तापुढे हजर करूनच आणावे लागते. महिला आरोपी असेल तर रात्रीची मोहीम उपयोगाची नाही. सूर्यास्त ते सूर्योदय तिला अटक करायला महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ हा एका ओळीचा अहवाल. कोणत्या तारखांना गेलात, कोणाला विचारले, तो कुठे गेल्याचे सांगितले आणि पोलीस पाटलाचा जबाब, हे सगळे लिहा. तो फरार आहे किंवा लपतो आहे असे पटले तरच कोर्ट कलम ८४ चा जाहीरनामा काढते. त्यात हजर व्हायला किमान ३० दिवस द्यावे लागतात, आणि मालमत्ता जप्तीचा मार्ग कलम ८५ ने उघडतो. त्यासोबत कलम ४९१ प्रमाणे जामीनदाराला नोटीस काढावी, अशी विनंती सरकारी वकिलामार्फत करा. सातबाऱ्यावर बोजा चढायची भीती वाटली की जामीनदारच आरोपीला शोधून आणतो.

ज्यांचे वॉरंट रद्द झाले आहे त्यांनी आदेशाची प्रमाणित नक्कल घ्यावी, एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्यावी आणि दुसरी, खटला निकाली निघेपर्यंत, जवळ ठेवावी.